बाद मत

वर्गणी भरली त्यांचीच नावं यादीत.
एस्तेरबाईचे वीस रुपये पाळकांनी गुपचूप भरले.
प्रांतिक सभेवर आपल्या मंडळीतून एकच जागा,
दानाची थैलीच आज मतपेटी.
प्रभूच्या मेजावर मोजणी बरी नाही,
म्हणून बाजाच्या पेटीवर ओतल्या चिठ्ठ्या.

खंडारे सतरा. तायडे सतरा.
शेवटची उघडली :
‘शांतवन अवसरमोल’.

बारा वर्षं तोच जायचा अमरावतीला,
पिशवीत भाकर, ठेचा अन् मंडळीचे ठराव.
मागच्या पऱ्हाटीच्या वेचणीत गेला.

‘श’ची ती गाठ मी ओळखली.
“बाद,” म्हटलं.
तिसऱ्या बाकावर रूथबाई
चष्मा पुसत राहिली.

मत्थियासाठी टाकल्या तशा चिठ्ठ्या टाकल्या,
पोरानं तायडे काढला.

नियम आहे : बाद मतही तीस दिवस जपावं.
माझ्या गाण्यांच्या वहीत आहे.
आज एकेचाळिसावा.