नमुना क्रमांक सत्तेचाळीस

चांदेलच्या बंद चिरेखाणीत
यंत्राने कापलेल्या लाल पायरीवर,
बोटभर फटीत ते होतं.
नोव्हेंबरची सकाळ. खाली साचलेलं हिरवं पाणी,
त्यात कुणाची तरी एकच चप्पल.

भिंगातून पाहिलं.
पाकळी म्हणतो ती पाकळी नसतेच,
प्रत्येक पिवळी पट्टी एक अख्खं फूल,
टोकाला पाच बारीक दात.
देठ मोडला: दूध. बोटाला चिकटलं, तपकिरी झालं.
पानं गोलाने मांडलेली, जमिनीला पोट टेकून,
आणि त्यांवर लव.
ही लवच आडवी आली.

पुस्तकातली किल्ली दोन-दोन वाटांनी जाते:
लव असेल तर पुढच्या ओळीवर,
नसेल तर पान उलटा.
माझ्या झाडाच्या तीन पानांवर लव होती,
चौथं गुळगुळीत, नुकती दाढी केल्यासारखं.
तीनदा गेले त्या वाटेने
आणि तीनदा कुठल्याशा थंड देशातल्या डोंगरावर पोचले,
जिथे याच्या भावंडांना ससाण्याच्या नावाने ओळखतात.
वर पाहिलं. खाणीवर घारी फिरत होत्या.

दोन रोपं घरी आणली. एकाला
शेणखत, कोकोपीट, हिरवं जाळं,
दोन्ही वेळा पाणी, बाळंतिणीचं करावं तसं.
पानं झाली कोबीएवढी. फूल एक नाही.
शेजारची एस्पेरांसा कुंपणावरून म्हणाली,
"बाय, तण पोसता मगो तूं!"

दुसरं चिऱ्याच्या चुऱ्यात ठोकून बसवलं,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तळाला खिळ्याने भोकं,
भर उन्हात,
आणि विसरले. प्रयोग म्हणून नव्हे, खरंच विसरले;
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं मडगावला.

परत आले तर अकरा फुलं.
बारा वाजले की मिटायची,
पेडण्यातली दुकानं जेवायला मिटतात तशी.

एस्पेरांसाच्या कंपाउंडसाठी चिरे उतरवायला
गदगची नीलव्वा आली होती.
तिने न विचारता एक पान खुडलं,
पदराला पुसलं, खाल्लं.
"हत्तरकी," म्हणाली. मग थांबली,
चघळत राहिली.
"हत्तरकीच्या घरातलंच. पण हत्तरकी नव्हे.
आमची एवढी कडू नसते."
थुंकली मात्र नाही. आणखी एक खुडलं.

तिची जीभही दोन वाटांपाशी येऊन उभी राहिली
याचं मला उगाच बरं वाटलं.

लेबलावर जागा लिहिली, तारीख, उंची साडेसात इंच.
नावाच्या ओळीवर, पेन्सिलने: कडू.

डब्यातल्या म्हाताऱ्या एका संध्याकाळी उडाल्या
त्या नव्या भिंतीकडे.
तिथे चिऱ्यांना अजून गिलावा नाही,
फटी उघड्या आहेत, बोटभर.
मी एस्पेरांसाला काही बोललेले नाही.