गुरुवारची बैठक

वाल्पाराइसोच्या टेकडीवर, शाळेच्या मागल्या खोलीत
आम्ही सहा जण, खुर्च्या पाच.
एलादियो उभाच राहिला, हातांना ग्रीसचा वास.
मी अहवाल वाचत होते: राएन, वय वर्षं सात,
दिसत नाही, ऐकू येत नाही,
'पुढे काय घडणार याची चाहूल लागत नाही.'

तिची आई, ओर्तेन्सिया, म्हणाली,
"हेच वाक्य, तिसऱ्या वर्षी तिसऱ्यांदा.
नुसती तारीख बदलता तुम्ही, बाई."
फिजिओथेरपिस्टने पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

एलादियो एवढंच म्हणाला, "चला."

तो चालवतो टेकडीवरची दोराची गाडी.
एक डबा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो,
एकमेकांच्या वजनावर.
त्याने माझा तळहात कठड्यावर टेकवला, शेजारी राएनचा.
गार लोखंड. खारा वारा. बाकी काही नाही.
मग राएन हसली,
टाचा उचलून उभी राहिली.
मी मनात आकडे मोजत गेले.
अकराला माझ्या हाताला कळली ती थरथर,
आणि धुक्यातून डब्याचं पिवळं छत वर आलं.

वाक्य मी तिथेच खोडलं, कागद गुडघ्यावर धरून.
चाहूल नेमकी कुणाला लागत नव्हती
हे लिहायला रकाना नव्हता.

आता एक खोका शाळेत, तस्साच एक घरी.
चमचा म्हणजे जेवण. टॉवेलचा तुकडा, अंघोळ.
बोल्ट म्हणजे बाबा, गाडी, घरी जाणं.
'संपलं' यावरून मात्र दोन बैठका भांडलो.
मी म्हणे, झाकण लावायचं.
ओर्तेन्सिया म्हणे, "पीठ झटकतात तसे हात झटकले की संपलं.
पाळण्यापासून ठाऊक आहे तिला."
म्हणून हल्ली शाळेत सगळेच हात झटकतात,
स्वयंपाकीण, शिपाई,
मुख्याध्यापकसुद्धा, जरा लाजत.

काल मणी ओवायच्या तासाला, सकाळी सव्वादहाला,
राएनने खोका चाचपला,
बोल्ट उचलून माझ्या मुठीत कोंबला
आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

मी फोन लावला.
पलीकडून आधी हसू, मग बराच वेळ काहीच नाही.

'अजून नाही, थोडं थांब',
यासाठी आमच्या खोक्यात वस्तूच नाही.

गुरुवारी बसतोय.
एलादियो या वेळी खुर्ची घरून आणणार आहे.