गच्चीवर चौदा जाकिटं

धनकवडीत, चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत
दोरीवर चौदा जीवरक्षक जाकिटं वाळत घातलीत.
नारिंगी. एकाचा पट्टा उंदराने खाल्लेला.
सोसायटीचे सेक्रेटरी भागवतकाका नोटीस लावून गेले :
‘गच्ची कपड्यांसाठी आहे, व्यवसायासाठी नव्हे.’
मी खाली पेनाने लिहिलं, हे कपडेच आहेत काका,
बुडणाऱ्या माणसाचे.

बोट जयगडला असते. अठ्ठावन्न फूट.
आधी मासे आणायची, आता माणसं नेते.
जुनं नाव ‘नूरजहाँ’, त्यावर मी ‘उत्तरा’ रंगवून घेतलं;
ऊन तिरकं पडलं की दोघी दिसतात.
ऑफिस म्हणजे ओट्याशेजारचं टेबल.
भिंतीवर दोन कागद :
जयगडच्या भरती-ओहोटीच्या वेळा,
आणि पालिकेचं पाणी कधी येणार त्याच्या.
पहिला कागद चुकत नाही.

गिऱ्हाईकं बाणेरची, हिंजवडीची.
विचारतात, लाटा नक्की असतात ना?
नसल्या तर किती टक्के परत?
एकाने डॉल्फिनची वेळ मागितली, मीटिंग होती म्हणून.
मी फॉर्म पुढे करते : मी स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत...
सगळे न वाचता सही करतात.
वाचते फक्त मी, दर वेळी, सही झाल्यावर.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, पावणेचारला,
किनाऱ्यापासून सात मैलांवर इंजिन बंद पडलं.
आठ पाहुणे, कासम तांडेल, आणि सुदेश नावाचं पोरगं.
मी तेव्हा चक्कीवर, दळणाच्या रांगेत,
फोन लावत होते. लागत नव्हता.
माझी ज्वारी पुढे सरकत होती.
घरी येऊन वेळापत्रक काढलं,
पाणी त्यांना कुठे ओढत असेल ते बोटाने मोजलं
टेबलावरच, तेलाच्या डागापासून चहाच्या डागापर्यंत.
पुन्हा मोजलं.
पीठ डब्यात गार झालं.
रात्री दहाला कासम : “बाय, लागलो धक्क्याला.
फिल्टरात कचरा. पोरांना लय मजा आली.”

मजा!
त्यांना वाटलं, तो कार्यक्रमातलाच भाग.
दिवे नाहीत, नेटवर्क नाही, तळाशी पाण्याची थाप.
कासम फिल्टरला शिव्या देत होता
ते त्यांनी कोळीगीत समजून रेकॉर्ड केलं.

तेव्हापासून दर चौथा फोन :
ते इंजिन बंद पडतं, ते पॅकेज कितीला?
मी हिशेब मांडला. खोटं का बोला.
डिझेल वाचेल, माणशी दोन हजार जास्त सांगता येतील,
बँकेचे एकवीस हप्ते आहेत, तळाला रंग आहे.
कासमला विचारलं.
तो गप्प. मागे पाणी ऐकू येत होतं.
मग म्हणाला, “मरायचं सोंग दर्यासमोर करू नये, बाय.
त्याला सोंग कळत नाय.”

आता मे संपत आलाय, उत्तरा झावळ्यांखाली जाईल,
आणि जाकिटं डागडुजीला पुण्यात आलीत, एसटीच्या टपावरून.
आज पाणी वीस मिनिटं उशिरा आलं.
नळी लावून एकेक धुतलं, जिभेला लावून पाहिलं,
मीठ निघेपर्यंत.
ते पाणी पन्हळीतून गेलं आंबिल ओढ्याला,
तिथून मुठा, मग भीमा, उजनीत मुक्काम करेल,
आणि पोचलंच कधी तर पोचेल पूर्वेच्या समुद्राला,
जो माझ्या बोटीने पाहिलेला नाही.
पुण्यात राहून हे असंच होतं.
समुद्र शंभर मैलांवर, आणि पाठ त्याच्याकडे.

उंदराने खाल्लेला पट्टा शिवत बसलेय.
जाड सुई, मेणवलेला दोरा.
भागवतकाका जिन्याच्या दारात उभे. नोटिशीबद्दल असेल.
“नाही, सहज विचारतो,” म्हणतात,
“माणशी किती पडतात?
आणि मला पोहता येत नाही.”
दोरा दाताने तोडते.
हात वर करा, म्हणते,
छातीचं माप घेऊ.