दोन बाय दीड

अण्णा पिंपरीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते.
सहकारनगरचं हे घर त्यांनी आधी ट्रेसिंग पेपरवर बांधलं,
मग त्र्याहत्तर साली विटांचं.
स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्या मधल्या भिंतीत
एक खिडकी काढली,
दोन फूट बाय दीड, सागवानी चौकट, सरकता पल्ला.
नकाशावर बारीक तिरक्या अक्षरात : वाढपाची सोय.

लग्नाआधी आम्ही घर बघायला आलो
तेव्हा त्या खिडकीतून पोह्यांच्या सहा बशा आल्या.
प्रत्येक बशीमागे तोच हात,
हिरव्या बांगड्या, भाजल्याचा जुना डाग.
माई मला आधी मनगटापर्यंतच भेटल्या.

पुढे तो हात माझा झाला.
पोळी पलीकडे, रिकामी वाटी अलीकडे.
कुणी "मीठ" म्हणायचं
आणि मी मीठ व्हायचे.
हसणं ऐकू यायचं, विनोद नाही.

आता घर आमचं.
उताऱ्यावर प्रभंजनच्या नावाखाली माझंही नाव लागलंय
आणि "तुमच्या आवडीप्रमाणे करू की, मॅडम," म्हणत
शिवलिंग मिस्त्री कानावर पेन्सिल ठेवून थांबलाय.

आवड.
दोन रात्री शेडकार्ड पंख्यासारखं उलगडून बसले.
अठराशे रंग, आणि मला एवढंच कळत होतं
की पिस्ता नको.
पिस्ता का नको, तेही सांगता येईना.
प्रभंजन म्हणाला, मोझॅक राहू दे,
तापात पडल्या पडल्या मी त्यात बेटं शोधायचो.
म्हटलं, राहू दे. मे महिन्यात त्या फरशीवर
पाठ टेकायची सवय मलाही आहे.
पुस्तकांचं कपाट राहू दे. ट्यूबलाइट जाऊ दे.
शोकेसमधली काचेची बदकं वैजूला विचारून.
आणि ती भिंत?

तो बराच वेळ गप्प.
तळजाईकडून मोर ओरडला, तेवढाच आवाज.
मग म्हणाला, "अण्णांनी किती विचार करून काढली होती."
केला होता. खरंच केला होता.
ट्रेसिंग पेपरवर माणसं काढायची पद्धत नव्हती,
एवढंच.

सोमवारी साडेदहाला पहिला घण पडला.
वीट चिवट निघाली. चौकट मात्र अख्खी सुटली.
मिस्त्री म्हणाला, अस्सल साग आहे, आरसा बसवून देतो,
लोक असलं पैसे मोजून घेतात.
नको म्हटलं.
त्या चौकटीत मी पुष्कळ वर्षं होते.
वैजू घेऊन गेली, रिक्षात आडवी धरून, धायरीला.
काय करणार, ते विचारलं नाही.

धूळ बसली. दुपारी साडेचारला
पश्चिमेचं ऊन पहिल्यांदाच शेगडीपर्यंत आलं
आणि मागच्या टाइल्सवरचा पन्नास वर्षांचा ओशटपणा
लख्ख दिसायला लागला.
कपड्यांचा सोडा घेऊन बसले घासत.
सासऱ्यांच्या घराचा तळ लागेना.

रंग हळदीचा घेतला.
मिस्त्री म्हणाला, देवळासारखं दिसेल.
दिसू दे.
सोफा अजून ठरत नाही. लक्ष्मी रोडवरून पडद्याचं कापड आणलं
ते घरी आल्यावर वेगळंच निघालं.

परवा शेजारचे मिरजकर जेवायला आले.
मी ओट्याशी. सगळे मला दिसत होते, मी सगळ्यांना.
एक विनोद पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला,
तसा बेताचाच होता.
मग आमटीची वाटी भरली, उचलली,
आणि जिथे काहीच उरलेलं नाही
तिथे येऊन
कमरेतून वाकले, दीड फुटात मावेन इतकी,
आणि वाटी पुढे केली.

पलीकडे प्रभंजन मिरजकरांशी बोलत होता.
मान न वळवता
त्यानं नेमक्या त्याच उंचीवर
हात धरला होता.