फक्त डोळे

शंभर मायक्रोलिटर. म्हणजे दोन थेंब.
नळी करंगळीच्या पेराएवढी,
किंमत माझ्या दीड महिन्याच्या फेलोशिपएवढी.
फतेगंजच्या फाटकाशी कुरिअरवाल्यानं
धूर सोडणारा खोका हातात दिला
आणि विचारलं, "बेन, आइसक्रीम छे?"

लेबलवर लिहिलेलं: ससा.
माणसाच्या पेशीकेंद्रातल्या एका प्रथिनासाठी.
खाली मुंगीच्या अक्षरांत:
फक्त संशोधनासाठी. निदानासाठी नव्हे.

फणसे मॅडम नव्या मुलांना शिकवतात ते असं:
कुठल्याशा थंड देशात एक ससा असतो.
त्याला माणसाचा एक कण टोचतात.
हा आपला नव्हे, एवढं तो रक्तात लिहून ठेवतो.
ते रक्त आपल्याकडे येतं, गाळून, निवडून.
मग सशाला ओळखायला बकरी,
बकरीच्या शेपटाला हिरवा दिवा.
माणसावर ससा, सशावर बकरी, बकरीवर दिवा.
मुलं हसतात.
मीही हसले होते, आणि दांडिया बाजारापर्यंत
सायकलच्या पायडलवर तेच म्हणत गेले होते.

तीन वर्षं मी त्या दिव्याच्या मागे होते.
अंधारी खोली, एसीची घरघर, डोळा भिंगाला चिकटलेला.
निळं केंद्र आणि त्यात
मोहरीएवढे हिरवे ठिपके.
एक्केचाळीस फोटो.
हैदराबादला पोस्टर लावलं, कुणीतरी म्हणालं, सुंदर.
खरंच सुंदर होते.

मग पुण्याहून पेशी आल्या.
ते प्रथिन बनवायची ओळच
त्यांच्यातून खोडून टाकलेली.
मॅडम म्हणाल्या, एकदा यांच्यावर टाकून बघ,
अंधार आला की आपण सुटलो.

अंधार आला नाही.

तितकेच ठिपके. तिथेच.
मी दिवा बदलला. बफर नव्यानं केलं.
भीखाभाईंना विचारलं, रात्री फ्रीजर बंद पडला होता का.
"लाइट तो गई नथी, बेन."
चौथ्यांदा केलं तेव्हा हात थरथरत नव्हते,
हेच मला जास्त लागलं.

सशाचं काही चुकलं नव्हतं.
त्याला दाखवलं ते त्यानं लक्षात ठेवलं,
आणि त्याच्यासारखं दिसणारं आणखी कुणीतरी.
लग्नात एखादी काकू भलत्याच मुलीची हनुवटी धरते ना,
अगदी आईच्या वळणावर गेलीस गं,
आणि ती मुलगी बिचारी वरपक्षाची असते.

त्या शनिवारी मुकुल घोरपडे
मगरींच्या गणतीला घेऊन गेला,
माणसं कमी पडत होती म्हणून.
विश्वामित्रीचा काठ, गुडघाभर गवत, वास.
टॉर्च फिरवला तर पाण्यावर दोन तांबूस निखारे.
"मगर!" मी.
"किती फुटी?"
माहीत नाही.
"मगर कशावरून?"
मी गप्प.
त्यानं तक्ता पुढे केला. रकाने: पिल्लू,
तीन फुटांपर्यंत, सहापर्यंत, त्याहून मोठी,
आणि शेवटचा, सगळ्यांत भरलेला:
फक्त डोळे.

"डोळे दिसले, अंग नाही, ते इथे.
यात लाज कसली?"

सोमवारी वही काढली.
एक्केचाळीस नोंदींवर एकेक रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी,
आणि समासात ते दोन शब्द.
मॅडमनी पानं उलटली. बराच वेळ.
पंख्याखाली कागद फडफडत होते.
"वर्ष जाईल," त्या म्हणाल्या.
मग चष्मा पुसत,
"सकाळपासून काही खाल्लंयस का? चल, सेवउसळ खाऊ."

नळीत अजून अकरा मायक्रोलिटर आहेत.
फेकायला हवेत, फेकवत नाहीत.
उणे वीस अंशांच्या काळोखात
ससा अजून कुणालातरी ओळखतोय.
कुणाला, ते त्याला कुणी विचारलेलंच नाही.