डंख

मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीच्या मागे
झुलेखाचाचीचं परसू: चार वांगी, घेवड्याची ओळ
आणि मांडवावर कडू भोपळा.
घेवडा पोटाला, भोपळा तंबोऱ्याला.

विकतचं तिथं काही येत नाही.
तांदळाचं धुवण माझ्या घरून,
चहाचा चोथा स्टेशनजवळच्या गाड्यावरून,
बंबातली राख,
आणि मडक्यात तांब्याचा तुकडा टाकून
तीन आठवडे आंबवलेलं ताक,
ज्याचं झाकण काढलं की
समोरचे जिनगर खिडकी लावून घेतात.

मावा आला तर राख.
ढालकिडे आले तर हात मागे.
"जेवू दे त्यांना," म्हणते, "मजुरी कुठं मागतात?"

फळमाशीचं मात्र भय.
एक डंख, की आत अळी.
मग भिंत पोखरलेली, सूर गळका.
म्हणून कोवळ्या फळांना
चाचांच्या जुन्या सदऱ्यांच्या बाह्या,
आणि मांडवाला टांगलेली बाटली:
गूळपाणी, काळं पडलेलं केळ.
यंदा बाटलीत चोवीस माशा मोजल्या.
पंचविसावी शहाणी निघाली.

भोपळे वाळले, तेव्हा चाचांनी
एकेकाला टिचकी मारून ऐकलं.
एकापाशी थांबले. पुन्हा टिचकी.
कान लावला.
बाजूला ठेवला.

चाचीनं काही न बोलता त्याचं तोंड कापलं,
आतल्या बिया झटकल्या.
आता नव्या वेलाला ताकपाणी
त्याच्यातूनच घालते.
ओतताना तो बुडबुडतो,
खर्जात, जरा घसरून.

चाचा आतून ओरडतात, "षड्ज उतरलाय!"
"वेलाला चालतो," ती म्हणते
आणि पुन्हा भरते.