कमावलेलं

घटक चाचणीत प्रश्न होता, एका मार्काचा:
खालीलपैकी सर्वांत बळकट बंध कोणता?
प्रणोती सातपुतेनं लिहिलं, हायड्रोजन बंध.
मी तांबडी फुली मारली.
फुलीला अर्धा सेकंद लागतो.

तास संपल्यावर टेबलाशी आली.
"सर, मी चुकलो नाही."
आमच्या कोल्हापुरात मुली असंच बोलतात,
येतो, जातो, चुकलो.
"चुकलीस," मी म्हटलं. "मीठ बघ, हिरा बघ.
हायड्रोजन बंध म्हणजे नुसती ओढ.
फळ्यावर आपण त्याला पुरी रेघही देत नाही,
टिंबं देतो."
"मग आमच्या घराकडं या," म्हणाली,
जशी काही प्रयोगशाळा तिकडंच असावी.

रविवारी सुभाषनगरात गेलो.
तिचे तात्या पाटावर बसून रापीनं तळ कापत होते.
खिळा कुठंच नाही,
सगळी शिलाई कातड्याच्याच वादीनं.
त्यांनी दोन तुकडे पुढं टाकले.
"ह्यो नुसता वाळवलेला. भिजला की गेला,
तीन दिवसांत वास सुटतो.
आणि ह्यो कमावलेला."

कमावलेला.
पैसा कमावतात, तालमीत अंग कमावतात,
आणि हे.
वीस वर्षं शिकवतोय,
या क्रियापदाकडं कधी नीट पाहिलं नव्हतं.

"चुन्यातनं काढायचं, मग बाभळीची साल, हिरडा.
महिना जातो. घाई केली की आत कच्चं ऱ्हातं."
एवढं बोलून त्यांनी हिरड्याचा एक तुकडा
माझ्या हातावर ठेवला. "चावा."
चावला.
जीभ आवळत गेली,
टाळू, गालाची आतली बाजू,
सगळं ओढून कुणीतरी गाठ मारल्यासारखं.
मला काहीतरी विचारायचं होतं,
विचारता येईना.
प्रणोती कोपऱ्यात वेणी विणत बसली होती,
चपलेच्या पट्ट्यावरची, तीन पेडांची.
हसली नाही.

तोंड बंद असल्यामुळं विचार करावा लागला.
कातड्यातला लांब रेणूही तीन पेडांचा असतो.
हे मी दरवर्षी सांगतो, अभ्यासक्रमाबाहेरचं,
वेळ उरला तर.
सालीचा तुरट रस त्या पेडांमध्ये शिरतो
आणि जागोजागी हात लावून बसतो,
हजार ठिकाणी, लाख ठिकाणी.
एकेक हात सहज सुटेल असाच.
पण पाणी एक सोडवेपर्यंत
बाकीच्यांनी धरलेलं असतं,
आणि सुटलेलाही परत येऊन धरतो.
माझ्या जिभेवर तेच चाललं होतं,
टिंबं टिंबं टिंबं.

मार्क वाढवला नाही.
प्रश्न एका बंधाबद्दल होता
आणि एकापुरतं उत्तर चूकच आहे.
हे तिला सांगितलं. "व्हय सर," म्हणाली,
पटल्यासारखी नाही.

येताना एक जोड घेतला.
तात्या पैसे घेईनात, मी ठेवून आलो.

सोमवारी फळ्यावर पाणी काढलं,
दोन रेणू, मध्ये टिंबं.
या वेळी जरा दाबून काढली.
खडू मोडला.
वाकून उचलायला गेलो तर
अंगठ्याशी सोललेलं झोंबलं,
चप्पल करकरली, सगळ्या वर्गाला ऐकू गेलं.
मागच्या बाकावरून आवाज आला,
"सर, तेल लावा. आठ दिवस चावंल."